चार किलो गेले कुठे?

परीक्षा घेणे हा माझा व्यवसाय. अमरावतीच्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षे पदार्थविज्ञान शिकवतो आहे. पण गेल्या वर्षी माझीच परीक्षा झाली, तीही घरात, आणि तिच्यात मी नापास झालो. एकदा नव्हे, दोनदा. त्या नापास होण्याची ही हकीकत आहे. ती सांगण्याचे कारण असे की माझ्या दोन चुकीच्या उत्तरांपैकी एक उत्तर जवळच्या एका मुलाच्या जिवावर बेतले होते.

झाले असे की चाळिशी ओलांडल्यावर माझे वजन ८२ किलोपर्यंत गेले. जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासली आणि व्यायाम करण्यास हरकत नाही असे सांगितले. मोबाइलवर पाहून घरीच करावयाचा साठ दिवसांचा एक कार्यक्रम मी निवडला. रोज पहाटे चाळीस मिनिटे, आठवड्यातून सहा दिवस. जागच्या जागी धावणे, बैठका, जोर, उड्या. अर्धा मिनिट जीव तोडून करायचे, थोडा दम घ्यायचा, पुन्हा करायचे. पहिल्या आठवड्यात जिन्याच्या पायऱ्या मी कठड्याला धरून उतरत होतो. शिक्षकखोलीत सहकारी चौकशी करीत, "काऊन जी सर, गेलं काय वजन?"

साठावा दिवस उजाडला तेव्हा काट्यावर ७८ किलो भरले. चार किलो कमी! मी घरभर मिरवत होतो. तेवढ्यात दहावीतल्या माझ्या मुलाने विचारले, "बाबा, चार किलो गेले कुठे?"

मी सहज म्हणालो, "अरे, चरबी जळली. तिची उष्णता झाली."

तो म्हणाला, "पण वस्तुमान नष्ट होत नाही, असं तुम्हीच शिकवता ना?"

मी गप्प झालो. तुम्ही काय उत्तर दिले असते? पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि आपले उत्तर कागदावर लिहून ठेवा. उष्णता झाली? घामातून गेली? शौचावाटे गेली? चरबीचे स्नायू झाले? मग पुढे चला.

पारसचे वीजकेंद्र आणि माझे पोट

प्रथम माझ्या उत्तराची परीक्षा करू. वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर होऊ शकते हे आईनस्टाईनने १९०५ साली दाखवले. वस्तुमानाला प्रकाशाच्या वेगाच्या वर्गाने गुणले की ऊर्जा मिळते. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर, म्हणजे ३० कोटी मीटर. या हिशेबाने चार किलो वस्तुमानाची ऊर्जा होते ३६ या आकड्यापुढे सोळा शून्ये, इतके ज्यूल. हा आकडा डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून आपल्या भागातले उदाहरण घेऊ. अकोला जिल्ह्यात पारस येथे औष्णिक वीजकेंद्र आहे. तेथे २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. हे दोन्ही संच पूर्ण क्षमतेने अहोरात्र चालवले, तर एवढी वीज निर्माण करण्यास सुमारे २३ वर्षे लागतील! माझ्या चार किलोंची खरोखरच ऊर्जा झाली असती, तर अमरावती शहर जागेवर राहिले नसते.

शरीरात अणूंचे केंद्र फुटत नाही. तेथे चालतात त्या रासायनिक क्रिया. चार किलो चरबी जळताना ऊर्जेच्या रूपाने जे वस्तुमान कमी होते, ते एका मिलिग्रॅमचा सुमारे सहाशेवा भाग भरेल. बाकी सर्व अणू होते तसेच राहतात. म्हणजे चार किलो कोठे तरी गेलेच पाहिजेत. मुलाचा प्रश्न अगदी योग्य होता.

शंभर बैठका आणि एक चमचा तेल

आता व्यायामाचा हिशेब मांडू. आहारशास्त्रात ऊर्जा उष्मांकात मोजतात. एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यास लागणारी उष्णता म्हणजे एक उष्मांक, अर्थात एक किलोकॅलरी. ती सुमारे ४१८६ ज्यूल एवढी असते. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून किंवा प्रथिनापासून सुमारे ४ उष्मांक मिळतात. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून ९.

मी एक बैठक काढतो तेव्हा पावले आणि पोटऱ्या फारशा वर जात नाहीत. सुमारे ७० किलोंचा भाग अर्धा मीटर उचलला जातो असे धरू. कार्य म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. ७० गुणिले ९.८ गुणिले ०.५, म्हणजे ३४३ ज्यूल. शंभर बैठकांचे कार्य झाले ३४,३०० ज्यूल, म्हणजे अवघे आठ उष्मांक!

सुदैवाने, किंवा दुर्दैवाने म्हणा, आपले स्नायू हे शंभर टक्के कार्यक्षम यंत्र नव्हे. खर्च झालेल्या ऊर्जेपैकी सुमारे पावपट कार्यात उतरते. उरलेली उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून आठाचे झाले बत्तीस-तेहेतीस. खाली बसतानाही स्नायूंना शरीर सावरून धरावे लागते. त्याचा खर्च धरला तर शंभर बैठकांना सुमारे ४५ उष्मांक लागतात. आणि लहान चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम तेलात किती उष्मांक असतात? पाच गुणिले नऊ, पंचेचाळीस. शंभर बैठका म्हणजे एक चमचा तेल! पाटवडीच्या रश्श्यावर लालभडक तर्री तरंगत असते. तिचा एक चमचा चापताना दोन सेकंद लागतात. तो फेडताना मांड्या भरून येतात.

शरीरात साठलेली चरबी शुद्ध मेद नसते. तिच्यात थोडे पाणी व पेशींचा इतर भागही असतो. म्हणून एक किलो चरबीमागे ९००० नव्हे, तर सुमारे ७७०० उष्मांक धरतात. नुसत्या बैठका काढून एक किलो उतरवायचा तर सतरा हजार बैठका काढाव्या लागतील.

साठ दिवसांची खतावणी

मग माझे चार किलो कसे उतरले? स्वस्थ पडून असतानाही शरीर ऊर्जा खर्च करीतच असते. हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडे यांना सुट्टी नसते. माझ्यासारख्या माणसाचा हा खर्च दिवसाला सुमारे १७०० उष्मांक असतो. त्याचा वॅटमध्ये हिशेब केला तर सुमारे ८० वॅट येतात. जुन्या धाटणीचा छताचा पंखा जेवढी वीज खातो, जवळजवळ तेवढेच. म्हणजे तुमच्यापुढे उभा असलेला प्रत्येक शिक्षक हा एक चालता-बोलता पंखा आहे असे समजा. वारा मात्र देत नाही, उष्णता देतो.

जोमदार व्यायामात हा खर्च सुमारे आठपट होतो. चाळीस मिनिटांत ३८० उष्मांक लागतात. पण त्या चाळीस मिनिटांत मी स्वस्थ बसलो असतो तरी ४७ खर्च झालेच असते. ते वजा करू. निव्वळ जास्तीचा खर्च सुमारे ३३०. साठ दिवसांत ५२ वेळा व्यायाम झाला, म्हणजे सुमारे १७ हजार उष्मांक. भागिले ७७००. उत्तर येते २.२ किलो.

उरलेले कोठून आले? आमच्या घरात स्वयंपाकाचे तेल मोजून वापरण्यास सुरुवात झाली होती. माझ्या वाटणीला रोज तीन चमचे तेल कमी आले, म्हणजे १३५ उष्मांक. तीन वेळच्या चहातली दोन-दोन चमचे साखर मी सोडली. ती तीस ग्रॅम होते, म्हणजे १२० उष्मांक. दोन्ही मिळून रोजचे सुमारे २५०; साठ दिवसांचे १५ हजार; म्हणजे जवळजवळ दोन किलो. गंमत पाहा. पहाटे उठून घामाघूम होऊन जेवढे मिळवले, जवळजवळ तेवढेच तेलाच्या बुधल्याजवळ आणि साखरेच्या डब्याजवळ हात आवरून मिळाले.

कागदावरची बेरीज ४.२ किलो, काटा म्हणाला ४. हा फरक पाहून आश्चर्य वाटू नये. दमलेला माणूस दिवसाचा उरलेला वेळ कमी हालचाल करतो आणि त्याला भूकही जास्त लागते. शिवाय वजनाची घट सरळ रेषेत होत नाही. माझे पहिल्याच आठवड्यात दीड किलो उतरले होते आणि मी हुरळून गेलो होतो. ती चरबी नव्हती. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा पिष्टमय साठा असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. खाणे कमी झाले आणि व्यायाम वाढला की आधी हा साठा उतरतो आणि त्याच्याबरोबर पाणीही जाते. पुढे दोन-दोन आठवडे काटा जागचा हलत नाही, आणि बहुतेक लोक येथेच कार्यक्रम सोडून देतात. चरबी मात्र ग्रॅमाग्रॅमाने जातच असते.

अकोल्याचा भाचा

आता माझे दुसरे चुकीचे उत्तर. माझा भाचा अकोल्याला असतो. अकरावीत आहे आणि कुस्ती खेळतो. माझा कार्यक्रम चालू असताना त्याने फोनवर विचारले, "मामा, चरबी कशी जाते?" मी थाटात म्हणालो, "घाम गाळ, चरबी आपोआप वितळून जाईल."

त्याला खालच्या वजनगटात उतरायचे होते. चार किलो कमी करायचे होते, आणि हाती होते पंधरा दिवस. मामाचे वाक्य त्याने मनावर घेतले. घाम जास्त यावा म्हणून अंगात प्लास्टिकचा रेनकोट चढवला आणि मे महिन्याच्या दुपारी गच्चीवर दोरीच्या उड्या सुरू केल्या. पाणी प्यायचे नाही, असाही नेम केला. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४४-४५ अंशांवर जातो हे वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. अर्ध्या तासाने तो असंबद्ध बोलू लागला आणि कोसळला. त्याच्या आजीने प्रसंगावधान राखले. रेनकोट ओढून काढला, मुलाला सावलीत आणवले, अंगावर पाणी ओतले, ओल्या पंचाने वारा घातला आणि शेजाऱ्यांकरवी त्याला दवाखान्यात नेले. म्हणून तो वाचला.

त्या दुपारी त्याचे वजन दीड किलो कमी भरले होते. दवाखान्यात सलाइन लागले, मग तो पाणी प्यायला, जेवला आणि दुसऱ्या दिवशी दीड किलो परत आले. चरबी किती गेली असेल? हिशेब करा. अर्ध्या तासाच्या व्यायामाला फार तर २५० उष्मांक लागले असतील. सर्वच्या सर्व मेदातून आले असे मानले, तरी २५० भागिले ९, म्हणजे २८ ग्रॅम. दीड किलोत २८ ग्रॅम! बाकी सगळे पाणी आणि मीठ.

कूलर बंद पडला तर

घाम ही चरबी नव्हे, तर तो आहे आपला कूलर. माठातले पाणी थंड का राहते हे तुम्ही शिकला आहात. पाण्याचे बाष्प होताना ते सभोवतालची उष्णता घेते. हिलाच बाष्पीभवनाची सुप्त उष्णता म्हणतात. त्वचेच्या तापमानाला एक लिटर घाम वाळला तर तो सुमारे ५८० उष्मांक घेऊन जातो. माझ्या चाळीस मिनिटांच्या व्यायामात सुमारे ३०० उष्मांक उष्णता निर्माण होते. ती घालवण्यास अर्धा लिटर घाम वाळावा लागतो. व्यायामानंतर काटा अर्धा किलो कमी दाखवतो तो यामुळे, आणि दुपारपर्यंत पूर्ववत होतो तोही यामुळे.

हिवाळ्यात त्वचेपेक्षा हवा थंड असते, त्यामुळे काही उष्णता वहनाने आणि प्रारणाने आपोआप बाहेर जाते. पण त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश आणि हवेचे ४५ असेल, तर उष्णता उलटी हवेतून शरीरात शिरते. मग सुटकेची एकच वाट उरते, घामाचे बाष्पीभवन. ही वाट भाच्याने प्लास्टिकने बंद केली होती. घाम येत होता, पण वाळत नव्हता. नुसता निथळत होता. आपल्याकडचा कूलर वैशाखात खोली गार करतो आणि श्रावणातल्या दमट हवेत निकामी ठरतो, याचे कारण हेच. रेनकोटच्या आत भाच्याने श्रावण निर्माण केला होता.

परिणाम किती झपाट्याने होतो पाहा. शरीराची विशिष्ट उष्णता सुमारे ०.८३ आहे. ६० किलोंच्या मुलाचे तापमान एक अंशाने वाढण्यास ५० उष्मांक पुरतात. जोमदार व्यायामात त्याच्या शरीरात तासाला सुमारे ३८० उष्मांक उष्णता तयार होते. ती मुळीच बाहेर पडली नाही, तर दर आठ मिनिटांना तापमान एक अंशाने चढेल! ३७ अंशांपासून ४० अंशांपर्यंत पोचण्यास पंचवीस मिनिटेही लागणार नाहीत. त्यापुढे मेंदूचे काम बिघडते, माणूस बरळू लागतो, शुद्ध हरपते. हाच उष्माघात.

हा धोका केवळ वऱ्हाडातला नाही. १९९७ साली नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, महिन्याभराच्या काळात, अमेरिकेत महाविद्यालयांतील तीन कुस्तीगीर अशाच खटाटोपात मरण पावले. वजनगटात बसण्यासाठी गरम खोलीत, घाम अडवणारे कपडे घालून, पाणी न पिता ते व्यायाम करीत होते. तो तर उन्हाळाही नव्हता! त्यानंतर तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने असे कपडे आणि गरम खोल्या यांवर बंदी घातली.

एखाद्याला असा त्रास झाला तर त्याला प्रथम सावलीत न्या, जाडे कपडे काढा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि ताबडतोब दवाखाना गाठा. शुद्ध हरपली असेल तर तोंडाने पाणी पाजू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

लव्हाझियेचे गिनिपिग

उष्णता नाही, घाम नाही. मग चार किलो गेले कुठे? उत्तराचा पाया अठराव्या शतकात घातला गेला. लव्हाझिये आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी बर्फाने वेढलेल्या भांड्यात एक गिनिपिग ठेवले. त्याच्या अंगाच्या उष्णतेने किती बर्फ वितळते आणि त्याच्या श्वासातून किती कार्बन डाय-ऑक्साइड निघतो, हे मोजले. मग कोळसा जाळून तेवढाच वायू निर्माण होताना किती बर्फ वितळते, याच्याशी तुलना केली. आकडे बरेचसे जुळले. श्वसन हे संथ ज्वलनच आहे, असा निष्कर्ष त्यांनी १७८३ साली मांडला.

मेणबत्ती जळून संपते तेव्हा मेण कोठे जाते? त्याचा कार्बन डाय-ऑक्साइड आणि पाण्याची वाफ होऊन ते हवेत मिसळते. चरबीचेही तेच होते. मेदाच्या एका नमुनेदार रेणूत कार्बनचे ५५, हायड्रोजनचे १०४ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. तो पूर्ण जळण्यास ऑक्सिजनचे ७८ रेणू लागतात, आणि तयार होतात कार्बन डाय-ऑक्साइडचे ५५ व पाण्याचे ५२ रेणू. अणुभार तुम्हांला पाठ आहेतच. दोन्ही बाजूंचे अणू मोजून समीकरण संतुलित आहे की नाही ते स्वतः पडताळा. वजनांचा हिशेब असा: ८६० ग्रॅम मेद अधिक २४९६ ग्रॅम ऑक्सिजन, त्यापासून २४२० ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड आणि ९३६ ग्रॅम पाणी. दोन्ही बाजूंची बेरीज ३३५६. एक ग्रॅमही हरवला नाही!

आता प्रश्न असा की मेदातले अणू यांपैकी कशात किती गेले? हा हिशेब रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या ऑस्ट्रेलियातील दोघांनी २०१४ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला. दहा किलो मेद गेला तर त्यातला ८.४ किलो भाग कार्बन डाय-ऑक्साइडच्या रूपाने आणि १.६ किलो पाण्याच्या रूपाने बाहेर पडतो. म्हणजे मेद बाहेर टाकणारे मुख्य इंद्रिय आहे फुप्फुस! त्यांनी डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायामशिक्षक यांनाही हाच प्रश्न विचारला होता. बहुतेकांनी माझ्यासारखेच उत्तर दिले: उष्णता होते. नापासांच्या रांगेत मी एकटाच नव्हतो, एवढेच समाधान.

तर, माझे चार किलो मी अमरावतीच्या हवेत फुंकून टाकले. आमच्या अंगणातल्या कडुनिंबाने त्यातला काही कार्बन घेऊन पाने केली असतील.

मग नुसता श्वासच जोरात का घेऊ नये?

हा प्रश्न वर्गात हमखास येतो. उत्तर स्पष्ट आहे: कार्बन डाय-ऑक्साइड आधी पेशींत तयार झाला पाहिजे. बसल्या जागी भराभर श्वास घेतला तर रक्तातला असलेला वायू तेवढा कमी होतो. चक्कर येते, हाताला मुंग्या येतात, चरबी तसूभर हलत नाही. चिमणीतून जास्त धूर हवा असेल तर चुलीत जास्त लाकूड जळले पाहिजे; चिमणीला पंखा लावून काय उपयोग? पेशींतील चूल पेटते ती स्नायूंना काम दिल्यावर. आणि जेवणातून रोज नवे सरपण भरपूर येत राहिले, तर कोठीतले जुने सरपण कशाला निघेल?

एक साधा प्रयोग शाळेत करून पाहा. एका परीक्षानळीत चुन्याची निवळी घ्या. स्वस्थ बसल्यावर नळीने तिच्यात हळू फुंका आणि ती दुधाळ होण्यास किती सेकंद लागतात ते मोजा. मग तीस बैठका काढून लगेच ताज्या निवळीत तसेच फुंका. फरक टिपून ठेवा. शिक्षकांसमोर करा, आणि फक्त फुंका. निवळी तोंडात ओढू नका. दुसरा प्रयोग घरचा. रात्री झोपण्यापूर्वी लघवीला जाऊन या आणि वजन करा. सकाळी उठताच, पाणी न पिता आणि लघवीला न जाता, पुन्हा वजन करा. इलेक्ट्रॉनिक काटा चांगला असेल तर काहीशे ग्रॅमची घट दिसेल. बरीचशी घट ही श्वासातून आणि त्वचेवाटे गेलेल्या वाफेची आहे, पण त्यात कार्बनचाही वाटा आहे. झोपेतही तुमची चूल विझलेली नसते.

तुमच्यासाठी आणि शिक्षकांसाठी

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. माझा कार्यक्रम चाळिशीतल्या, डॉक्टरांनी तपासलेल्या माणसाचा होता. तो तुमच्यासाठी नाही. तुमची उंची वाढते आहे, हाडे बळकट होत आहेत. या वयात वजन वाढणे हेच स्वाभाविक आहे. उपास करून किंवा जेवण तोडून वजन उतरवू नका. काळजी वाटत असेल तर डॉक्टरांना विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर दम लागेल असा खेळ वा व्यायाम करावा. त्याचा मोबदला काट्यावर दिसत नाही. साठ दिवसांपूर्वी सकाळी उठताच माझी नाडी मिनिटाला ८० पडे, आता ६८ पडते. जिना चढताना धाप लागत नाही. चार किलोंपेक्षा हीच मला मोठी कमाई वाटते.

शिक्षकबंधु-भगिनींना एक विनंती. एखाद्या मुलाला वर्गासमोर "भोपळ्या" म्हणून हाक मारू नका, आणि इतरांना मारू देऊ नका. लाजेने पेटलेले मूल रेनकोट शोधू लागते.

व्यायामासाठी आपल्याला दूर जाण्याची गरज नाही. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची आणि कबड्डीची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. जोर, बैठका, सूर्यनमस्कार, मल्लखांब यांना ना वीज लागते ना यंत्र. सकाळची थंड हवा, सुती कपडे, तांब्याभर पाणी आणि सांगणारा जाणकार एवढे पुरे.

माझा भाचा आता बरा आहे आणि आपल्या खऱ्या वजनगटातच खेळतो. परवा त्याने फोनवर विचारले, "मामा, मग चरबी जाते कशी?" या वेळी मी घाईने उत्तर दिले नाही. त्याला म्हटले, "कागद-पेन्सिल घे. मेदाच्या रेणूत कार्बनचे ५५ अणू असतात, असे समज..." तुम्ही सुरुवातीला लिहून ठेवलेले उत्तरही आता काढून पाहा. ते चुकले असेल तर वाईट वाटून घेऊ नका. खोडा आणि शेजारी योग्य उत्तर लिहा. मीही तेच केले.